गुळगुळीत रस्त्यावरचा खड्डा

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सायकलवाल्यांबद्दल एक धड शब्द काढला नाही, तोच आता डोक्यावर टोपलीसारखं हेल्मेट आणि खाली गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी घालून, रविवारी भल्या सकाळी एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपासमोर उभा राहायचा. हसा, खुशाल हसा. पहिल्या दिवशी लिफ्टच्या आरशात बघून तो स्वतःही हसला होता.

बस चालवायचा तो. साधीसुधी नाही, शहरातली, दर दोन मिनिटांनी थांबणारी, माणसांनी ठासून भरलेली बस. आणि बस चालवणाऱ्याच्या नजरेत सायकलवाला म्हणजे काय, तर रस्त्यावरचं कुसळ. खिडकीतून मान बाहेर काढून तो ओरडायचा, "घरी सांगून आलास का रे?" कधी कुणाच्या हँडलला धक्का लागला, कुणी घसरून पडलं, तर डेपोत जाऊन सांगायचे दोनच शब्द, "मधे आला." आरसा फुटला? मधे आला. बंपर वाकला? मधे आला. डेपोतले सगळेच तसं म्हणायचे, आणि हा तर त्या दोन शब्दांचा सम्राट होता. त्याच्या हातून कुणाचा जीव मात्र गेला नाही, हे खरं. तो ते अभिमानाने सांगायचाही.

मग दरवर्षीची डोळ्यांची तपासणी आली. या खेपेला डॉक्टरने त्याला एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि हातात एक बटण दिलं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं, नजर मात्र मधोमध ठेवायची. याने सुरुवातीला पाच-सात वेळा दाबलं. मग ठिपकेच येईनात. तो वाट बघत बसला, बसला, आणि शेवटी वैतागून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मशीन अडकलंय वाटतं तुमचं."

"चालू होतं," डॉक्टर म्हणाला. "संपलंसुद्धा."

काचबिंदू. समोरचं सगळं लख्ख, अगदी लांबच्या पाटीवरचं बारीक अक्षरही वाचता येईल, पण कडेचं गेलेलं. डावीकडचं, उजवीकडचं, पायाजवळचं. आणि मेख अशी, की गेलंय हे कळतच नाही. काळं दिसत नाही, धूसर दिसत नाही. तिथे काहीतरी आहे याचाच पत्ता लागत नाही. थेंब घातले तर आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही. आणि गाडी? डॉक्टरने नुसती मान हलवली.

डेपोने कागद पुढे करायच्या आतच याने स्वतः नोकरी सोडली. लेकीला फोनवर सांगितलं, "कंटाळा आला गं. किती फिरवायचं ते चाक!" आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात याचा लेकीच्या जिवाला घोर होताच. ती म्हणाली, "मग या ना इकडे. पिटकीलाही आजोबा मिळतील." पिटकी म्हणजे नात, वय वर्षं चार आणि तोंड चाळीसचं. झालं, आपली ट्रंक उचलून हा नव्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या लेकीच्या घरी दाखल झाला. थेंबांची बाटली दाढीच्या डब्यात गेली. लेकीने एकदा विचारलंच, तेव्हा म्हणाला, "डोळे कोरडे पडतात, म्हातारपण." तिला ते पटलं. बापाचं बोलणं न पटायला तिच्याकडे वेळ कुठे होता! औषधांच्या कारखान्यात तिची पाळी, नवरा कामासाठी महिन्यातला अर्धा काळ बाहेरगावी, आणि पिटकीची बालवाडी भर दुपारी सुटायची. रोज शेजारणीच्या मिनतवाऱ्या कराव्या, तेव्हा पोरगी घरी यायची.

दिवसभर हा घरात एकटा. किती वेळ खिडकीत बसणार? बाहेर पडला की नव्या शहरातले खांब त्याला धडकायला टपलेले. म्हणजे तो धडकायचा, पण त्याच्या मते शहरच वाकडंतिकडं बांधलेलं. नडगी काळीनिळी झाली. एकदा फुटपाथवर एका बाईच्या पिशवीला पाय लागून टोमॅटो रस्ताभर झाले. ती म्हणाली, "दिसत नाही का?" साधा प्रश्न. लोक रोज कुणालाही विचारतात. पण हा घरी येऊन संडासात दार लावून बसला आणि रडला. ज्याने पंधरा टनांचं धूड गर्दीतून दोऱ्यासारखं ओवलं, त्याला टोमॅटो दिसू नयेत!

जावयाची एक सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती. त्याने ती पुसली, हवा भरली, आणि कुणाला न सांगता रस्त्यावर काढली. पहिल्याच वळणावर उभ्या गाडीचा आरसा तोडला. धपापत, सायकल हातात धरून तो फुटपाथच्या कडेला उभा राहिला. आणि नेमकी तेव्हाच समोरून ती रांग गेली.

पंधरा-वीस सायकली, एकामागे एक. पुढच्याने काही न बोलता डावा हात मांडीजवळ खाली नेऊन बोट रस्त्याकडे रोखलं. त्याच्या मागच्याने तसंच केलं. मग त्याच्या मागच्याने. हात खाली जात जात शेवटपर्यंत गेला, आणि प्रत्येक सायकल एकाच ठिकाणाहून जराशी उजवीकडे झुकून पुढे निघाली. हा बघतच राहिला. बाकी कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय शिस्त आहे. याच्या डोक्यात वेगळाच दिवा पेटला. पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवायची. पाठ समोर असते. हातही समोरच दिसतो. म्हणजे रस्ता बघायची गरजच नाही!

पुढच्या रविवारी तो पेट्रोल पंपासमोर हजर.

त्या मंडळींचा म्होरक्या एक दातांचा डॉक्टर होता, त्याला सगळे कप्तान म्हणायचे. त्याने नव्या माणसाला नियम समजावले. रांगेत सगळ्यात पुढे असतो तो शेंडा. रस्ता बघणं त्याचं काम. सगळ्यात मागे असतं ते शेपूट. कुणी मागे पडलं, कुणाची साखळी उतरली, तर शेपूट थांबणार, कुणालाही एकटं टाकून जायचं नाही. मधल्यांचं काम एकच, पुढून आलेला हात मागे द्यायचा. बोट खाली म्हणजे खड्डा. तळवा पाठीमागे हलला की बाजूला उभी गाडी. मूठ वर गेली की थांबा. "शेपटाने हात नाही केला तरी चालतं," कप्तान म्हणाला, "त्याच्या मागे कोण आहे बघायला!"

"आणि हाताबरोबर तोंडाने ओरडलं तर?" याने विचारलं.

"दुधात साखर."

मग काय विचारता! "खड्डाऽऽ!" "गाडी डावीकडेऽऽ!" बसच्या खिडकीतून सायकलवाल्यांवर ओरडून कमावलेला तो आवाज आता सायकलवाल्यांच्या कामी यायला लागला. दोन रविवारांत त्याचं नाव पडलं, हॉर्नकाका. रांगेतला एक हात कधी चुकायचा नाही. तरुण पोरं बोलण्याच्या नादात खड्डा गिळून टाकायची, मागे सांगायचीच नाहीत, मागच्याचे दात आपटायचे, मग कप्तान ओरडायचा, "काकांकडून शिका जरा! डोळ्यांत तेल घालून चालवतात!" काका खाली मान घालून चहा प्यायचे. ती मान लोकांना विनयाची वाटायची.

पण सुख होतं हो. खोटं का बोला? वाऱ्याचा झोत छातीवर, पायाखालचं चाक आपल्या मनासारखं पळतंय, मागे माणसं आहेत आणि ती आपल्या हाताकडे बघून चालली आहेत. त्या रविवारच्या तासाभरात तो पुन्हा ड्रायव्हर व्हायचा. पंप ते घर हा रस्ता मात्र जाता-येता सायकल हातात धरून चालायचा. लेकीला सांगायचा, "गुडघे मोकळे करत आलो."

तो कुणाच्या मागे असतो हे ठरलेलं होतं, बेकरीवाल्याच्या. बेकरीवाला अंगाने चांगला रुंद, त्याची पाठ म्हणजे भिंतच, नजरेला सोपी. आणि काकांच्या मागे बहुतेक वेळा नर्सबाई. रात्रपाळी संपवून तशीच यायची, डोळ्यांखाली काळं, पण पाय थांबायचे नाहीत.

एका रविवारी बेकरीवाला शेंडा होता. शहराबाहेरचा नवा रस्ता, नुकताच डांबर ओतलेला, आरशासारखा. बेकरीवाल्याच्या हाताला मुंग्या आल्या. त्याने डावा हात हँडलवरून काढला, खाली सोडला आणि दोन-तीनदा झटकला. बस, एवढंच. पण मागच्या काकांचा हात तीरासारखा खाली गेला, बोट रोखलं गेलं, आणि गळा फाटेस्तोवर आवाज आला, "खड्डाऽऽ!"

नर्सबाईने खाली बघितलं. रस्ता गुळगुळीत. ती हसली. काकांना सवयच झालीये, असं तिला वाटलं. पण थोडं पुढे गेल्यावर तिचं हसू विरलं. नर्स होती ती. परत फिरताना तिने बेकरीवाल्याशी जागा बदलून घेतली आणि ती काकांच्या पुढे आली. भर सपाट रस्त्यावर तिने मुद्दाम बोट खाली रोखलं. मागून आवाज आला, "खड्डाऽऽ!" मग तिने मोकळ्या कडेला तळवा हलवला. "गाडी डावीकडेऽऽ!" डावीकडे लांबपर्यंत गवत होतं, दुसरं काही नाही. तिसऱ्यांदा करायची तिची हिंमत झाली नाही.

चहाच्या टपरीवर कप्तानाने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "पुढच्या रविवारी शेंडा कोण? हॉर्नकाका!" लोकांनी कल्ला केला. बेकरीवाल्याने पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला. इथे नवीन माणसाला शेंडा करणं म्हणजे त्याला आपला म्हणणं, दुसरी काही पद्धत नव्हती. काकांनी हसायचा प्रयत्न केला. पण शेंड्याच्या पुढे कुणाची पाठ असते?

मंडळी पांगल्यावर नर्सबाई त्याच्या समोर येऊन बसली. बरोब्बर समोर.

"काका, कडेचं किती दिसतं?"

"काय कडेचं?"

"मी तुम्हाला दोनदा खोटा हात केला. दोन्ही वेळा तुम्ही ओरडलात."

तो चिडला, कारण माणसाला काही सुचेनासं झालं की चिडणं सोपं असतं. "सिस्टर, परीक्षा घेता माझी? तीस वर्षं गाडी हाकलीये मी."

"हाकली असेल. पुढच्या रविवारी तुमच्या मागे वीस माणसं असतील, आणि ती तुमच्या हाताकडे बघत असतील, रस्त्याकडे नाही. तुम्ही तरी बघता का रस्त्याकडे?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल. मला ते नको आहे, काका."

"एवढं एकच आहे हो माझ्याकडे," तो म्हणाला. अगदी हळू.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हेल्मेट घालून निघून गेली.

घरी आला तर लेक दारातच. चेहरा फुललेला. "बाबा, डोळे मिटा!" ही काय थट्टा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. डोळे उघडले तेव्हा समोर सायकलला लावायची लहान मुलांची खुर्ची होती, लाल, पट्ट्याबिट्ट्यासकट. पिटकी तिच्यात आधीच बसून हुकूम सोडत होती, "आजोबा, चला!"

"काल बेकरीत गेले होते," लेक सांगत होती, "तो दुकानदार म्हणे, तुम्ही काकांच्या कन्या का? अख्ख्या शहरात त्यांच्यासारखी नजर नाही कुणाची! मला इतकं बरं वाटलं बाबा. उद्यापासून पिटकीला तुम्हीच आणा. त्या शेजारणीचं तोंड बघायला नको मला रोज. सारखं आपलं, आज जमेल, उद्या जमणार नाही. कंटाळले मी."

आणि ती खरंच कंटाळलेली होती. किती दिवसांनी ती हसत होती, ते त्याला दिसत होतं. समोरचं सगळं दिसायचंच त्याला.

तो नाही म्हणाला नाही.

आता इथे माणसाचं डोकं कसं चालतं बघा. दुपारभर तो पलंगावर पडून राहिला आणि त्याने हिशोब मांडला. सायकलींच्या गटात परत जायचंच नाही. गुडघे दुखतात म्हणून फोन करायचा. गटच सोडला की सिस्टर कुणाला सांगणार आणि कशाला सांगणार? राहिली बालवाडी. तो रस्ता सरळ, वर्दळ कमी. आधी चालत जाऊन खड्डा न् खड्डा पाठ करायचा. हळू चालवायची. बसचे रस्ते नव्हते का पाठ? नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं आपण पाठांतरावरच गाडी चालवली असेल, आणि कुणाला काही झालं का? हा विचार आला आणि तो उठून बसला. कितीतरी वर्षं. ते जे मधे आले होते, ते सगळे. फुटलेले आरसे, घसरलेली पोरं, सांडलेले डबे. त्याने तो विचार झटकून टाकला, जसा बेकरीवाल्याने हात झटकला होता.

संध्याकाळी लेकीने स्वतः पाने घेऊन खुर्ची बसवली. "खाली कंपाउंडमध्ये एक चक्कर मारून दाखवा. मला फोटो काढायचाय."

कंपाउंड त्याला पाठ होतं. डाव्या अंगाला भिंत, मग स्कूटरींची ओळ, मग पाण्याच्या टाकीचा कठडा, मग वळण. पिटकीला बसवलं, पट्टा लावला, छोटं हेल्मेट अडकवलं. पहिली चक्कर झकास झाली. पिटकी मागून ओरडत होती, "खड्डाऽऽ! गाडी डावीकडेऽऽ!" घरी तो करून दाखवायचा ना, तिने उचललं होतं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या चकरेला तो जरा जोरात निघाला. अंगात आलं होतं त्याच्या. स्कूटरी गेल्या, कठडा गेला, आता वळण.

वळणाच्या उजव्या कडेला उभी असलेली लेक फोटोसाठी दोन पावलं पुढे आली होती. लपून नाही, अचानक नाही. उजेडात, हातात फोन धरून, हसत.

हँडल तिच्या बरगडीत बसलं. फोन उडाला. सायकल भिंतीकडे कलली, याने पाय रोवला, पण कललेलं वजन पेलेना. पिटकी पट्ट्याला लोंबकळली आणि तिचं हेल्मेट भिंतीवर खर्रकन घासलं. तो आवाज त्याच्या कानात शिरला तो शिरलाच. मग ती किंचाळली, आणि ती किंचाळली म्हणून त्याचा श्वास परत आला.

पोरीला काही झालं नव्हतं. भेदरली होती एवढंच. हेल्मेटवर पांढरा ओरखडा पडला होता, लांबलचक. लेकीने तिला पट्ट्यातून सोडवून छातीशी धरलं. स्वतःच्या बरगडीवर हात दाबून, वेदनेने वाकलेली असतानाही ती बापाचं सांत्वन करायला लागली. "बाबा, घाबरू नका. तुमची काही चूक नाही. मीच मधे आले."

याने सायकल भिंतीला टेकवली. एक शब्द बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं, तर सगळं निभावलं असतं. आयुष्यभर निभावलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तू मधे नव्हतीस."

"अहो, मी फोटोसाठी—"

"मला तू दिसलीच नाहीस. अगं, मला कडेचं काही दिसत नाही. म्हणून नोकरी सोडली. ते थेंब त्याचेच आहेत."

तिचा विश्वास बसेना. "काहीतरीच काय! त्या दुकानदाराने तर..." मग तिने पिटकीला कडेवर नीट घेतलं, बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "समोर बघा. आता सांगा, किती बोटं?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत थांबला. थांबला. यंत्रासमोर थांबला होता तसाच.

"हात वर केलास की सांग," तो म्हणाला.

तिचा हात त्याच्या कानाजवळ केव्हाचा वर होता. पाचही बोटं उघडी.

त्यानंतर ती जे बोलली ते बापाला बोलायचं नसतं असं लोक म्हणतील. म्हणू देत. "कुणाला बसवलं होतं मागे, माहीत आहे ना? आठवण तरी होती का? सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर खुर्चीत बसवून ठेवलं असतंस मला."

"हो! ठेवलं असतं!" ती रडत ओरडली. "बसला असतात खुर्चीत! काय बिघडलं असतं?" आणि ती पोरीला घेऊन जिना चढून गेली, लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही. पिटकी तिच्या खांद्यावरून आजोबांकडे बघत होती. तिने हात हलवला की नाही, ते त्याला कळलं नाही.

आठवडाभर घरात भांडी बोलत होती, माणसं नाही. लाल खुर्ची खोक्यात परत गेली. पिटकीला पुन्हा शेजारीणच आणायला लागली, तिच्याच सोयीने, आणि लेकीला रोज तिचंच तोंड बघावं लागलं. एके दिवशी लेक काही न बोलता त्याला नव्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रस्ता ओलांडताना तिने त्याचा दंड धरला. प्रेमाने नाही, सामान धरावं तसा. त्याने धरू दिला.

रविवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला उठला. साधी पँट घातली. लेक स्वयंपाकघराच्या दारात आली. "कुठे?"

"सांगून येतो."

तिने दार उघडून धरलं.

पंपासमोर सगळे जमले होते. "काका, सायकल कुठे? शेंडा पायी निघाला की काय!" बेकरीवाला ओरडला आणि लोक हसले. काकांनी सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. डोळ्यांचं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की आजवर जेवढे खड्डे मी तुम्हाला दाखवले, त्यातला एकही मी पाहिलेला नाही. माझ्या पुढच्याने हात केला, मी केला. पुढच्याने नसता केला, तर तुम्ही पडला असतात आणि मीही.

कुणी हसलं नाही. तरुण पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. कप्तानाचं तोंड उघडंच राहिलं, कारण "काकांकडून शिका" हे त्याचंच तुणतुणं होतं. आणि बेकरीवाला, तो जिवाला जीव देणारा बेकरीवाला, भडकला. "माझी बायको असते कधीकधी तुमच्या मागे, काका. तुम्हाला माहीत होतं. दर रविवारी माहीत होतं. आणि तुमच्या लेकीला मीच सांगितलं, नजर बघा काकांची म्हणून! मला तोंडघशी पाडलंत." त्याचे डोळे भरले होते. "आधी सांगितलं असतं तर काहीतरी केलं असतं की आम्ही. पण आता मी तुमच्यापुढे कशी काढू सायकल? सांगा ना."

"निघा तुम्ही," हा म्हणाला. "उन्हं वर येतील."

निघाले. दुसरं काय करणार! कप्तान शेंडा झाला. पंपाच्या फाटकातून एकेक सायकल बाहेर पडू लागली. फाटकाबाहेर पडताच कप्तानाचा हात खाली गेला, बोट रोखलं गेलं. मग त्याच्या मागच्याचा. बेकरीवाल्याचाही गेला, वळून न बघता. हात खाली जात जात रांग लांबत गेली. हा एकटाच फाटकात उभा राहिला. त्याचा आवाज घशापर्यंत आला आणि त्याने तो गिळला.

सगळ्यात शेवटी नर्सबाई होती. आज ती शेपूट. तिच्या मागे कुणीच नव्हतं, रस्ता रिकामा होता, आणि शेपटाने हात करायची गरज नसते हे तिला ठाऊक होतं. तरी तिने वेग कमी केला, डावा हात खाली नेला आणि बोट रोखलं. चांगलं बराच वेळ. मग ती रांगेच्या मागे निघून गेली.

तो हळूहळू फाटकाबाहेर आला. तिने दाखवलं होतं तिथे थांबला आणि मान पार खाली वाकवून बघितलं. होता. टोपलीएवढा, कडा फुटलेल्या, तळाशी खडी. इतके रविवार तो ओरडून मागे सांगितला होता, बघितला आज पहिल्यांदा. त्याने पायाने चाचपून कड शोधली, खड्ड्याला वळसा घातला आणि भिंतीच्या कडेकडेने घरी निघाला.